धोंड्याचा महिना थंडीत का येत नाही?

२०२३ साली अधिक श्रावण आला होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. रिवाजाप्रमाणे सासुरवाडीहून जेवणाचं बोलावणं आलं. ताटात पुरणाचे धोंडे, वर तूप, आणि निघताना हातात तेहतीस अनारशांचा डबा. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. अनारसे सादळतील म्हणून डबा पिशवीत गुंडाळता गुंडाळता सासूबाई म्हणाल्या, "काय हो, हा धोंडा मेला नेहमी उन्हात नाहीतर पावसातच का येतो? थंडीत आला असता तर अनारसे कसे खुसखुशीत राहिले असते! पौषात धोंडा आलेला मी तरी उभ्या जन्मात बघितला नाही."

मीही बघितला नव्हता. घरी येऊन जुनी पंचांगं काढली. २०१५ ला आषाढ, २०१८ ला ज्येष्ठ, २०२० ला आश्विन, २०२३ ला श्रावण. पुढचा २०२६ चा पुन्हा ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. मार्गशीर्ष नाही, पौष नाही. सासूबाईंचं निरीक्षण चोख होतं.

याचं कारण असं की पृथ्वी जानेवारीत जरा घाईत असते आणि जुलैत रेंगाळते. आता पृथ्वीला घाई कसली, हे सांगायचं तर थोडं लांबून यावं लागेल. आधी चंद्राकडे जाऊ, कारण न्यूटनही तिथूनच निघाला होता.

पडतोय, पण पोचत नाही

गच्चीवरून दगड सोडला तर पहिल्या सेकंदात तो ४.९ मीटर खाली येतो. न्यूटनला प्रश्न पडला तो असा: दगडाला खाली ओढणारी ही ओढ किती उंचीपर्यंत पोचते? झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचते, डोंगराच्या माथ्यापर्यंत पोचते. मग चंद्रापर्यंत का पोचू नये?

चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठ पट. आपण जमिनीवर उभे असतो तेव्हा केंद्रापासून एक त्रिज्या दूर असतो. न्यूटनचा अंदाज होता की ही ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते. दुप्पट लांब गेलं की चौथाई, तिप्पट गेलं की नववा हिस्सा. साठ पट लांब गेलं की ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० वा हिस्सा. तेव्हा चंद्राने एका सेकंदात ४.९ मीटरच्या ३६०० व्या भागाएवढं पडायला हवं. भागाकार केला की १.३६ मिलिमीटर येतं. राजगिऱ्याच्या एका दाण्याएवढं.

आता दुसऱ्या बाजूने तपासू. चंद्र २७.३ दिवसांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. कक्षेचा घेर आपल्याला माहीत आहे, त्यावरून त्याचा वेग येतो सेकंदाला साधारण १.०२ किलोमीटर. कोणी ओढलंच नसतं तर तो तितकाच सरळ गेला असता. पण तो गोल जातो, म्हणजे सरळ रेषेपासून दर सेकंदाला थोडा आत वळतो. किती, ते भूमितीने काढता येतं. उत्तर येतं तेच, १.३६ मिलिमीटर.

इथे जरा थांबावंसं वाटतं मला. एक आकडा आला गच्चीवरून टाकलेल्या दगडातून. दुसरा आला महिन्याच्या लांबीतून. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि ते जुळले. जमिनीवरचे नियम वेगळे आणि आकाशातले वेगळे, ही शेकडो वर्षांची समजूत एका भागाकारात निकालात निघाली.

तर चंद्र पडतोच आहे. मग अजून येऊन आदळला का नाही? याचं उत्तर न्यूटनने डोंगरावरची तोफ कल्पून दिलं. त्याचा डोंगर काल्पनिक होता, आपण कळसूबाई घेऊ. १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. हवा नाही आणि वाटेत दुसरा डोंगर नाही असं समजा. माथ्यावरून तोफेचा गोळा आडवा सोडला. वेग कमी असेल तर तो पायथ्याच्या बारी गावाजवळ पडेल. दारू वाढवली तर इगतपुरीच्या पलीकडे जाईल, आणखी वाढवली तर अरबी समुद्रात. दर खेपेला तो तेवढ्याच जोराने खाली येतोय, फक्त तोवर जास्त पुढे गेलेला असतो.

पण पृथ्वी सपाट नाही. तुम्ही आठ किलोमीटर सरळ आडवे गेलात तर तेवढ्यात खालची जमीन साधारण पाच मीटर खाली वळलेली असते. म्हणजे गोळ्याला सेकंदाला ७.९ किलोमीटर वेग दिला, तर एका सेकंदात तो ४.९ मीटर पडतो आणि जमीनही तेवढीच खाली जाते. उंची होती तेवढीच राहिली. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. गोळा पडत राहतो, जमीन निसटत राहते, आणि साधारण ८४ मिनिटांनी तो पृथ्वीला वळसा घालून मागच्या बाजूने तोफेवर येतो. तोफ वेळेत बाजूला घ्यावी.

कक्षा म्हणजे हेच. पडणं आणि फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

अंतराळवीर तरंगतात ते "तिथे गुरुत्वाकर्षण नसतं" म्हणून, असं अजूनही बरेच लोक सांगतात, शिकलेलेसुद्धा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून जेमतेम ४०० किलोमीटरवर आहे. मुंबई ते गोवा रस्त्याने याहून लांब पडतं. त्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असते. पन्नास किलोच्या माणसाला तिथे एखाद्या उंच मनोऱ्यावर उभं करता आलं असतं, तर काट्याने ४४ किलोच्या वर आकडा दाखवला असता. १९८४ साली राकेश शर्मा सॅल्यूट ७ वर गेले, २०२५ साली शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहून आले. दोघेही तरंगले ते स्थानकासकट एकाच वेगाने पडत होते म्हणून. काटाही पडतोय, तुम्हीही पडताय, मग काट्यावर भार देणार कोण? जत्रेतल्या आकाशपाळण्यात वरून खाली येताना पोटात खड्डा पडतो ना, तोच खड्डा दिवसचे दिवस.

ढकलतं कोण?

दुसरी एक शंका हमखास निघते. ग्रह फिरतात ठीक आहे, पण त्यांना पुढे ढकलतं कोण? ग्रहांच्या कक्षांचे नियम शोधणाऱ्या केप्लरसारख्या माणसालाही वाटायचं की सूर्यातून काहीतरी निघतं आणि ग्रहांना पुढे हाकत राहतं.

कोणी ढकलत नाही. ढकलायची गरज हवेत आणि जमिनीवर असते, कारण तिथे घर्षण असतं. पोकळीत एकदा मिळालेला वेग कमी व्हायला कारणच नाही. ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला गोफण फिरवतात, ती आठवा. हात दगडाला पुढे ढकलत नाही, दोरीने आत ओढून धरतो. दोरी सोडली की दगड बाहेर उडत नाही, ज्या दिशेने त्या क्षणी चालला होता त्याच दिशेने सरळ सुटतो. सूर्य म्हणजे हात, गुरुत्वाकर्षण म्हणजे दोरी. उपमा इथपर्यंतच चालते. गोफणीची दोरी ठरलेल्या लांबीची असते. गुरुत्वाकर्षणाची दोरी लांबते, आखडते, आणि लांबली की सैल पडते. या सैलपणातच धोंड्याच्या महिन्याचं रहस्य आहे, त्याकडे येतोच.

पृथ्वीचा आडवा वेग सेकंदाला सुमारे २९.८ किलोमीटर आहे. तेवढ्या वेळात ती सूर्याकडे पडते ३ मिलिमीटर. पुण्याहून लोणावळ्याच्या निम्मी वाट पुढे, आणि दोन तांदळांच्या जाडीएवढं आत. या दोहोंचा मेळ म्हणजे आपलं वर्ष. हा आडवा वेग आला कुठून? सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा जो ढग आकसून सूर्य आणि ग्रह झाले, तो ढगच मंद गतीने फिरत होता. त्याची फिरकी आपल्या वाट्याला आली, आणि ती खर्च व्हायला अजून जागा सापडलेली नाही.

समजा ती एकाएकी संपली, पृथ्वी जागच्या जागी थबकली, तर सरळ सूर्यात पडायला तिला साधारण ६५ दिवस लागतील. उलट वेग ४१ टक्क्यांनी वाढला, म्हणजे सेकंदाला ४२ किलोमीटरवर गेला, तर पृथ्वी सूर्याला कायमचा रामराम ठोकून निघून जाईल. या दोन टोकांच्या मध्ये बरीच मोकळी जागा आहे आणि तिथल्या बहुतेक वेगांना कुठली ना कुठली कक्षा मिळते. "वेग नेमका इतकाच होता म्हणून वाचलो" असे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे संदेश त्यामुळे फार मनावर घेऊ नयेत. वेग थोडा वेगळा असता तर कक्षा वेगळ्या आकाराची झाली असती, इतकंच.

व्हॉट्सअ‍ॅपचा विषय निघालाच आहे तर भास्कराचार्यांबद्दलही बोलून घेऊ. ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात ते म्हणतात की पृथ्वीच्या ठायी आकृष्टिशक्ती आहे, ती जड वस्तूला आपल्याकडे ओढते आणि आपल्याला ती वस्तू पडल्यासारखी दिसते. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून तिथे मठ काढल्याचा. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण म्हणून न्यूटनने काही नवं केलंच नाही, हे म्हणणं दोघांवरही अन्याय करतं. पृथ्वी ओढते हे ओळखणं एक, आणि तीच ओढ चंद्राला सेकंदात १.३६ मिलिमीटर पाडते हे मोजून दाखवणं दुसरं. भास्कराचार्यांचं खरं बळ ग्रहगणितात होतं, आणि त्याची गाठ आपल्याला पुढे पडणारच आहे.

आठ कला

टायको ब्राहे या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने दुर्बिणीचा शोध लागायच्या आधी, नुसत्या डोळ्यांनी आणि मोठमोठ्या यंत्रांनी, वर्षानुवर्षं ग्रहांच्या जागा टिपून ठेवल्या होत्या. १६०१ साली तो वारला आणि त्या वह्या योहानेस केप्लरच्या हाती आल्या. केप्लरच्या वाट्याला मंगळ आला होता. त्याने मंगळासाठी वर्तुळाची कक्षा बसवायला घेतली. सूर्य केंद्रापासून थोडा बाजूला सरकवला, वेग कमी-जास्त करून पाहिला, पानंच्या पानं हिशेब केले. शेवटी कक्षा जवळजवळ बसली. काही ठिकाणी तेवढा आठ कलांचा फरक राहिला.

एका अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात. पूर्ण चंद्र आकाशात साधारण तीस कलांचा दिसतो. म्हणजे फरक होता चंद्राच्या जेमतेम चौथाईचा. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मोजताना चुकलं असेल, चालवून घ्या. केप्लरला माहीत होतं की टायको आठ कलांनी चुकणारा माणूस नव्हता. त्याने वर्षांची मेहनत बाजूला टाकली, वर्तुळही टाकलं आणि नव्याने सुरुवात केली. १६०९ साली त्याने जाहीर केलं की मंगळ लंबवर्तुळात फिरतो आणि सूर्य त्या लंबवर्तुळाच्या मध्यावर नसून एका नाभीवर, म्हणजे मध्यापासून बाजूला असलेल्या एका ठरावीक बिंदूवर असतो.

लंबवर्तुळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाठ्यपुस्तकातली ती अंड्यासारखी आकृती येते. या आकृतीने फार नुकसान केलंय. पृथ्वीची खरी कक्षा कागदावर काढायची असेल तर २० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. सूर्याचा ठिपका केंद्रापासून १.७ मिलिमीटर बाजूला द्या. झाली पृथ्वीची कक्षा. तिच्या लांबी-रुंदीतला फरक या चित्रात तुमच्या पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतच बुडून जाईल, केसाच्या जाडीहूनही तो कमी आहे. म्हणजे आकार दिसायला वर्तुळच, फक्त सूर्य मध्यावर नाही.

तेवढ्याने होतं असं की जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२१ कोटींवर. हो, कडाक्याच्या थंडीत आपण सूर्याच्या सर्वात जवळ असतो. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांच्या आसपास कललेला आहे म्हणून. जवळ-दूर असण्याने उन्हात सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो खरा, पण कलण्याच्या परिणामापुढे तो झाकून जातो.

हे पन्नास लाख किलोमीटर म्हणजे एक चढ-उतार आहे असं समजा. जुलैत पृथ्वी चढाच्या माथ्यावर असते, तिथून जानेवारीपर्यंत सूर्याकडे उतरत येते. नागपंचमीच्या झोक्यावर बसलेली मुलगी खाली येताना वेग घेते, वर जाताना तो गमावते आणि टोकाला क्षणभर रेंगाळते, तसंच. जानेवारीत पृथ्वीचा वेग सेकंदाला ३०.२९ किलोमीटर असतो, जुलैत २९.२९. बरोबर एक किलोमीटरचा फरक.

आता पाटी-पेन्सिल घ्या आणि दोन गुणाकार करा. जानेवारीचं अंतर गुणिले जानेवारीचा वेग: १४.७१ × ३०.२९, उत्तर ४४५.६. जुलैचं अंतर गुणिले जुलैचा वेग: १५.२१ × २९.२९, उत्तर ४४५.५. दशांशातला तो शेवटचा फरक आपण आकडे तोडून लिहिल्याचा आहे. सूर्य पृथ्वीला ओढतो ते कायम सरळ स्वतःकडे, बाजूला कधीच ढकलत नाही. त्यामुळे मूळच्या ढगाकडून वारशात आलेली ती फिरकी ना वाढते ना घटते. अंतर घटलं की वेग वाढून भरपाई करतो. केप्लरने हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं: सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेघ सारख्या वेळात सारखंच क्षेत्रफळ पार करते. त्याला ते आकड्यांत दिसलं, का ते न्यूटनने १६८७ साली सांगितलं.

आता पंचांग उघडा

आपले महिने चंद्राचे. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस, आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवस मागे पडत गेलो तर दिवाळी पावसाळ्यात येईल. म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालायचा. तो कुठे घालायचा याचा नियम फार सुंदर आहे: ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे ज्यात एकही संक्रांत येत नाही, तो महिना अधिक.

आता सूर्य रास बदलतो म्हणजे काय? खरं तर पृथ्वी पुढे सरकते, म्हणून सूर्यामागची रास आपल्याला बदललेली दिसते. पृथ्वीचा वेग कायम सारखा असता, तर सूर्य प्रत्येक राशीत ३०.४४ दिवस राहिला असता, आणि अधिक महिना बारापैकी कुठल्याही महिन्यात सारख्याच शक्यतेने आला असता. पण तसं नाही. जून-जुलैत पृथ्वी रेंगाळते, त्यामुळे सूर्य मिथुनेत जवळपास साडेएकतीस दिवस मुक्काम ठोकतो. १५ जूनच्या आसपास आत शिरतो तो १६ जुलैच्या सुमाराला बाहेर पडतो. या साडेएकतीस दिवसांत २९.५३ दिवसांचा चांद्रमहिना दोन्हीकडे जागा सोडून आरामात मावतो. मावला की संक्रांत त्याच्या बाहेर राहिली, आणि महिना अधिक झाला.

डिसेंबर-जानेवारीत पृथ्वी पळते. धनु राशीतून सूर्य साडेएकोणतीसहूनही किंचित कमी दिवसांत बाहेर पडतो आणि मकरसंक्रांत येते. २९.५३ दिवसांचा महिना एवढ्या जागेत बसवायचा कसा? त्यात आणखी एक खोच. अमावास्या होण्यासाठी चंद्राने सूर्याला गाठावं लागतं, आणि थंडीत सूर्यच भराभर पुढे सरकत असल्यामुळे चंद्राला त्याला गाठायला जास्त वेळ लागतो. म्हणजे रास आखूड झाली आणि महिना लांबला. एखादी तरी संक्रांत महिन्यात घुसतेच, आणि पौष अधिक होता होता राहतो.

उलट कधीतरी एकाच महिन्यात दोन संक्रांती सापडतात. तेव्हा एक महिना वर्षातून गळतो, त्याला क्षयमास म्हणतात. भास्कराचार्यांनी लिहून ठेवलंय की क्षयमास कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष या तिघांतच येतो. गेल्या शतकात १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षांत क्षयमास आले, दोन्ही थंडीतच. सूर्याची चाल कमी-जास्त होते आणि ती मिथुन राशीत सर्वात मंद असते हे आपल्या ज्योतिषांना पक्कं ठाऊक होतं. त्या मंद जागेला ते सूर्याचं मंदोच्च म्हणत. चाल मंद का होते, हे मात्र पडण्याचं गणित कळल्याशिवाय सांगता येण्यासारखं नव्हतं.

मी हे सगळं सासूबाईंना कागदावर वर्तुळ काढून सांगितलं. त्यांना पटलं. पण लगेच पुढचा प्रश्न आला, "मग साडेसाती साडेसातच वर्षं का हो?"

शनीची माझी वैयक्तिक ओळख नाही आणि त्याच्या कोपावर माझा विश्वासही नाही. पण साडेसात हा आकडा खरा आहे आणि तो गुरुत्वाकर्षणातूनच निघतो. ग्रह जितका दूर, तितकी त्याची वाट लांब, आणि तितकी सूर्याची ओढही कमजोर. ओढ कमजोर म्हणून वेग कमी पुरतो. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर पळतो, पृथ्वी ३०, गुरू १३, शनी १० सुद्धा नाही. लांब वाट आणि मंद चाल, दोन्ही मिळून वर्ष भलतंच ताणलं जातं. किती, ते केप्लरने १६१९ साली सांगितलं: अंतराचा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा. शनी पृथ्वीच्या ९.५४ पट दूर आहे. ९.५४ चा घन ८६८, त्याचं वर्गमूळ साडेएकोणतीसच्या आसपास. साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत अडीच वर्षांना जरा कमी. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी धरल्या की साडेसात वर्षं झाली.

गुरू ५.२ पट दूर. घन १४०.६, वर्गमूळ ११.८६ वर्षं. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ, कन्येत आला की नृसिंहवाडीला कन्यागत. आपण ते बारा वर्षांनी म्हणतो, पण गुरूची फेरी बाराला जरा कमी भरते. हा कमीपणा साठत जातो आणि मग एखादा कुंभ अकराव्या वर्षीच येतो. हरिद्वारला तसंच झालं, २०१० नंतरचा कुंभ २०२१ ला भरला.

हाच नियम पृथ्वीभोवती फिरणाऱ्यांनाही लागतो, पट तेवढे पृथ्वीपासून मोजायचे. अंतराळ स्थानक जवळ आहे, त्याची फेरी ९२ मिनिटांत होते. चंद्र लांब, त्याला २७.३ दिवस लागतात. या दोघांच्या मध्ये, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवर, एक जागा अशी आहे की जिथली फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीएवढीच होते. तिथला उपग्रह आपल्याला आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो. म्हणून तर गच्चीवरची डिश एकदा बसवली की पुन्हा फिरवावी लागत नाही. वादळाने हलली तर गोष्ट वेगळी.

"बरं, मग पौषात धोंडा कधीच येणार नाही म्हणता?"

कधीच नाही असं नाही. आतापर्यंत मी पृथ्वी आणि सूर्य एवढे दोघेच आहेत असं धरून बोललो. पण गुरुत्वाकर्षणात कोणी कोणाला सोडत नाही. गुरू, शुक्र, शनी हे सगळे पृथ्वीला थोडं थोडं ओढत असतात. त्या ओढाताणीमुळे पृथ्वीची कक्षा स्वतःच ताऱ्यांच्या मानाने हळूहळू वळत जाते, वर्षाला साधारण ११.६ विकला. एका कलेच्या साठाव्या भागाला विकला म्हणतात. बुधाची कक्षा तर शंभर वर्षांत ५७४ विकला वळते. त्यातल्या ५३१ विकलांचा हिशेब इतर ग्रहांच्या ओढीने लागतो, ४३ उरतात. युर्बेन ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने कागदावरच्या गणिताने नेपच्यून कुठे सापडेल ते सांगितलं होतं आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत तो एका अंशाच्या आत सापडलाही होता. बुधाच्या जास्तीच्या विकलांसाठीही त्याने सूर्याजवळ एक नवा ग्रह कल्पून पाहिला. तो मात्र सापडला नाही, कारण नव्हताच. न्यूटनचा नियमच सूर्याच्या अगदी जवळ किंचित कमी पडत होता. १९१५ साली आइनस्टाइनच्या नव्या गणितातून त्या ४३ विकला अचूक बाहेर पडल्या. पुन्हा एकदा चालवून घ्या म्हणण्याजोगा बारीक फरक, आणि पुन्हा एकदा त्यातून सगळं घर नव्याने बांधावं लागलं.

पृथ्वीच्या ११.६ विकला म्हणजे सुमारे ३१० वर्षांत एक अंश. या चालीने सूर्याचं मंदोच्च मिथुनेतून निघून समोरच्या धनु राशीत पोचायला छप्पन्न हजार वर्षांच्या आसपास लागतील. पण तेवढीही वाट बघायला नको. याच ओढाताणीत कक्षेतलं सूर्याचं ते बाजूला सरकणंही कमी-जास्त होत असतं आणि सध्या ते कमी होत चाललंय. साधारण पंचवीस-तीस हजार वर्षांनी सूर्य जवळजवळ मधोमध येईल. मग जानेवारीत घाई नाही की जुलैत रेंगाळणं नाही, बाराही राशी जवळपास सारख्या दिवसांच्या, आणि धोंडा कुठल्याही महिन्यात.

सासूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे २०२६ चा ज्येष्ठातलाच ना? चला, पाऊस नसेल. उन्हात अनारसे तरी चांगले वाळतील."